बदी पंचमीचे मटार

तिथीच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा लौकिक. बनारसला दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत जी थोडी मराठी घरं उरली आहेत, त्यांतल्या बायका अजूनही मला फोन करून विचारतात, "काकू, संकष्टी आज की उद्या? चंद्रोदय किती वाजता?" मी चष्मा न लावता सांगते. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, तेव्हा आकड्यांशी माझं जमतं. सांगलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरी माझं पहिलं कौतुक झालं ते पंचांग वाचता येतं याचं. स्वयंपाकाचं नंतर, तेही बेताचंच. त्याच पंचांगाने माझा घात केला. पंचांगाने कसला, माझ्या तोऱ्याने केला.

आमचे हे इथलेच, बनारसमध्येच जन्मलेले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली, निवृत्त झाले आणि मग छतावरच राहायला गेले म्हटलं तरी चालेल. मी गच्ची म्हणते, हे छत म्हणायचे. आमची गल्ली इतकी अरुंद की ऊन खाली उतरतच नाही. जे काय ऊन आहे ते तिसऱ्या मजल्याच्या वर. माकडांपायी यांनी सगळ्या छताला लोखंडी जाळी ठोकून घेतली होती. आत कुंड्या, कापलेले तेलाचे डबे, एक चिरलेला टब आणि हे. बाहेर कठड्यावर माकडं बसलेली. मी म्हणायची, "अहो, यात पिंजऱ्यात नक्की कोण आहे?" हे नुसते हसायचे.

यांची खरी बाग थंडीची. मटार, पालक, मेथी, मुळे, फ्लॉवर. फुलंसुद्धा थंडीचीच: फ्लॉक्स, कॅलेंडुला आणि इथले माळी ज्याला डॉग फ्लावर म्हणतात ते. एका म्हाताऱ्या बनारसी माळ्याने यांना हे सगळं शिकवलं होतं, तो केव्हाच वारला. मी त्या राज्यात पाऊल टाकत नसे. चिखलाच्या चपला माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या की मात्र मी घर डोक्यावर घ्यायची. हिवाळ्यात एखाद्या दिवशी हे खाली यायचे, मूठ पुढे करायचे आणि म्हणायचे, "हं, धर." मुठीत कोवळे मटार. मी उभ्या उभ्याच खायची, आणि खाता खाता चपलांवरून बोलायची. बागेशी माझा संबंध एवढाच.

गेल्या वर्षी गौरी जेवल्या त्या दिवशी, पानावर बसलेले असताना, यांच्या हातातला घास ताटात पडला. मी म्हटलं, "सांडू नका हो, आज गौरी आहेत." वर पाहिलं तर यांचं तोंड एका बाजूला ओघळलेलं.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. सगळा पितृपक्ष आम्ही हॉस्पिटलात काढला. नाकातून नळी घातली होती, ती यांनी डाव्या हाताने दोनदा ओढून काढली. दुसऱ्या वेळी रक्त आलं. घटस्थापनेच्या सकाळी घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता गिळता येतंय, खाणं त्यांच्या मनावर आहे. खाल्लं नाही तर पुन्हा नळी. आणि वजन असंच उतरत गेलं तर थंडी निघणं कठीण.

हे भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. पण दोन चमचे पेज झाली की दात आवळून घ्यायचे. मी विनवण्या केल्या, चिडले, रडले. "अहो, लहान मूल आहात का?" असंही म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

घरात एवढं चाललेलं असूनही मी घट बसवला होता. आमच्या सांगलीच्या पद्धतीने पत्रावळीवर काळी माती, त्यात सप्तधान्य. यांच्या खोलीतच बसवला, दुसरीकडे लक्ष ठेवायला माणूस कुठे होतं? चौथ्या दिवशी मातीतून पांढरे कोंब वर आले, आणि सकाळी बघते तर हे भिंतीकडून वळलेले. घटाकडे टक लावून पाहत होते. पाचव्या, सहाव्या दिवशीही तेच. दसऱ्याला मी ते धान्याचे तुरे उपटले आणि एक यांच्या कानामागे खोवला. यांनी डाव्या हाताने तो चाचपला आणि त्या दिवशी वाटीभर खीर खाल्ली. वाटीभर!

मला वाटलं, सापडलं. या माणसाला हिरवं दिसलं पाहिजे. दरवर्षीसारखी वर बाग उभी राहिली तर हा माणूस जेवेल, जगेल. मी देवासमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं की यंदाची बाग मी करणार.

यांची एक जाड वही होती, बागेची. कधी काय पेरलं, कधी काय आलं, सगळं टिपलेलं. अक्षर मोत्यासारखं, भाषा आपली मराठी. दरवर्षीची पहिली नोंद सारखीच: "कार्तिक बदी पंचमी. मटार, पालक, मेथी. धणे रगडून." त्याखाली, "बदी अष्टमी. फुलांचं बी, राखेत मिसळून." बदी म्हणजे वद्य, इथली हिंदी माणसं तसं म्हणतात. यांच्या बोलण्यात असे शब्द नेहमीचेच, त्यात मला काही वेगळं दिसलं नाही. कार्तिक वद्य पंचमी. मी यांच्या पलंगाशेजारचं मराठी कॅलेंडर उलटलं, नोव्हेंबरच्या पानावर तो दिवस शोधला आणि त्याला लाल पेनाने गोल केला. अजून चाळीस दिवस हातात होते. माती वाळवायला, खत आणायला भरपूर वेळ. मी यांना म्हटलं, "बघा, हा दिवस धरलाय. तुमच्या वहीप्रमाणे अगदी. आहे की नाही तुमची बायको हुशार?"

यांनी मान हलवली. नाही, नाही, अशी. घशातून "अं, अं" असा आवाज काढायला लागले. डाव्या हाताने कॅलेंडरचं पान ओढलं, पुन्हा मागे ऑक्टोबरवर आणलं आणि एका चौकोनावर बोट आपटलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मी वाकून पाहिलं. आश्विन वद्य पंचमी, दहा दिवसांवर आलेली. त्या चौकोनात ना सण, ना एकादशी, काहीच नव्हतं. मी म्हटलं, "त्या दिवशी काय?" यांनी बोट उचललं आणि वर दाखवलं. सरळ वर.

तेवढ्यात खालून 'राम नाम सत्य है' गेलं. मणिकर्णिकेच्या घाटावर तिरडी नेणारी माणसं आमच्या गल्लीतून रोज जातात, चहा पिता पिता आम्ही ते ऐकतो, कपसुद्धा थांबत नाही. त्या दिवशी मी उठून खिडकी लावून घेतली.

आता हे परक्याला वेडेपणाचं वाटेल. पण माझ्या सासऱ्यांनी आपला दिवस आधी सांगितला होता. "द्वादशीला निघतो," म्हणाले आणि द्वादशीला गेले. काशीत अशा गोष्टी घराघरात आहेत, आमच्या घरात तर आल्या-गेल्याला अभिमानाने सांगतात. मी बापडी काय समजणार? नोव्हेंबरचा लाल गोल बघून या माणसाने मान हलवली. तेवढे दिवस मी नाही, म्हणाला. माझा दिवस हा, म्हणाला. आणि वर बोट दाखवलं.

मी कॅलेंडर खिळ्यावरून ओरबाडून काढलं आणि तांदळाच्या डब्यात कोंबलं. हे ओरडले. शब्द नसलेलं ओरडणं किती भयंकर असतं, ते मी तेव्हा ऐकलं. मीही ओरडले, "जायचं नाही! मी सांगते ना, कुठेही जायचं नाही!"

ते दहा दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. बंगळूरला मुलगा आहे, त्यालाही नाही. बोललं तर खरं होईल असं वाटायचं. कोजागरीचं दूध केलं नाही. पंचमीला सकाळी अंघोळ करून यांच्या उशाशी बसले ती बसलेच. गंगाजलाची लोटी आणि तुळशीचं पान ओच्यात लपवून ठेवलं होतं, यांना दिसू नये म्हणून. हे दिवसभर माझ्याकडे बघत होते आणि बोट वर करत होते. मी ते बोट धरून खाली दाबायची. पुन्हा वर, पुन्हा मी खाली. दुपारी तर मी दोन्ही हातांनी त्यांचा हात गादीवर दाबून धरला आणि म्हटलं, "वर नाही. ऐका माझं. वर नाही जायचं." यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, मला सोडून जायचं म्हणून रडतात. मीही रडले.

संध्याकाळ झाली, दिवे लागले, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे जिवंत! मी वेड्यासारखी आनंदले. साजूक तुपातला शिरा केला, केशर घातलं, गणपतीला नारळ फोडला. चमचा यांच्या ओठाशी नेला. यांनी माझ्याकडे बघितलं, दात आवळले आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवसापासून खाणं जवळजवळ बंद झालं. आधी दोन चमचे जायचे, आता एकावर आलं. मला कळेना. मरण टळलं आणि माणूस रुसला? मी काय काय केलं नाही? मऊ भात, मुगाचं कढण, पपई कुस्करून, लस्सी. बाजारात नवा मटार दिसला म्हणून महागामोलाचा आणून त्याची उसळ बारीक वाटून दिली. ती यांनी जिभेने बाहेर ढकलली. दिवाळीला मुलगा येऊन गेला. वडिलांचा हात धरून बसला, बाहेर येऊन रडला आणि म्हणाला, "आई, नळी घालू दे गं." मी म्हटलं, "ते ओढून काढतात. त्यांचे हात बांधायचे का मी?" कार्तिकी एकादशीला डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस बघू, त्यापुढे माझ्याच्याने थांबवणार नाही.

माझी सगळी भिस्त आता त्या लाल गोलावर. वद्य पंचमी आली की पेरायचं, कोंब आले की कुंड्या खाली आणून यांच्या डोळ्यांसमोर ठेवायच्या. पंधराव्या दिवसापर्यंत काहीतरी हिरवं दिसलंच पाहिजे. वर माती वाळवून चाळून तयार होती. तुळशीचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना यांच्याजवळ बसवलं आणि चौकातल्या बीवाल्याकडे गेले. हे त्याच्याकडूनच न्यायचे.

तो म्हणाला, "माताजी, बाबूजी नहीं आए इस बार? हम तो उनका मटर अलग रखे थे. पूनो के चार-पाँच दिन बाद आ जाते हैं हर साल."

मी म्हटलं, "पूनो अभी हुई कहाँ है? परसों है. पंचमी को बोएँगे."

"अरे, ये वाली नहीं, शरद पूनो. लोगन की मटर तो बित्ता भर हो गई."

शरद पूनो म्हणजे आपली कोजागरी, आणि लोकांचा मटार म्हणे वीतभर! मला राग आला. माझ्या डोक्यात वही होती, यांचं अक्षर होतं. मी म्हटलं, "भैया, हमारे पास उनका लिखा हुआ है. कार्तिक बदी पंचमी."

तो हसला. वाईट हेतूने नाही, सहज हसला. "माताजी, कातिक बदी तो कब की बीत गई. कातिक तो परसों खतम हो रहा है."

मी तिथे फळीला धरून उभी राहिले.

हे मला माहीत नव्हतं असं नाही हो! चौतीस वर्षं मी बनारसमध्ये आहे. इथल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्ष दोघांचा एकाच महिन्याचा, पण वद्य आला की ते एक महिना पुढे. आपला श्रावण लागायच्या पंधरा दिवस आधीच इथे सावनाची गर्दी उसळते, आणि दरवर्षी मी यांना टोमणा मारते, "तुमच्या लोकांना फार घाई." जे आपलं आश्विन वद्य, तेच त्यांचं कार्तिक बदी. यांनी बाग माळ्याकडून शिकली, म्हणून बागेच्या तिथ्या माळ्याच्या. सणवार माझे, ते माझ्या पंचांगाचे. एका घरात दोन महिने चालू होते आणि मला, तिथीच्या पंडितेला, पत्ता नव्हता.

आश्विन वद्य पंचमी. तो चौकोन. यांनी बोट आपटून सांगितलं होतं, मटार या दिवशी पेर. आणि वर बोट केलं होतं ते छताकडे. मी तो हात गादीवर दाबून धरला होता.

घरी कशी आले मला आठवत नाही. बियांच्या पुड्या हातात होत्या. वहिनींना काही न सांगता मी तांदळाच्या डब्यातून कॅलेंडर काढलं, झटकलं आणि यांच्या समोर धरलं. ऑक्टोबरचं पान. पंचमीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने वर दाखवलं. "मटार?" एवढंच म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. महिनाभर कुणी या माणसाशी बोललंच नव्हतं, तसं पाहिलं. मग तोंड वेडंवाकडं झालं आणि हुंदके द्यायला लागले. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकले हो. मी मूर्ख. मला वाटलं तुम्ही जायचं म्हणताय." हे ऐकलं आणि रडता रडता यांच्या घशातून वेगळाच आवाज आला. हसत होते! इतक्या दिवसांनी हसत होते. डाव्या हाताने माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली, आणि त्या हातात जोर होता.

त्या दुपारी यांनी वाटीभर मऊ भात खाल्ला. मी वाटी पुसून घेतली आणि पुन्हा भरली.

बैल गेला अन् झोपा केला, तसं ते पेरणं. पण पेरलं. मटार भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी कुंड्या एकेक करून तीन जिने खाली आणल्या, या गुडघ्यांनी. यांना लोडाला टेकवून बसवलं, कुंडी मांडीवर दिली. यांनी डाव्या तर्जनीने मातीत पेराएवढं भोक केलं, मी दाणा टाकायचा, यांनी माती लोटायची. एका कुंडीत मी पाच टाकले तर यांनी दोन उकरून बाहेर काढले. दाटी चालायची नाही. फुलांचं बी राखेत कालवून यांच्या मुठीतून भुरभुरलं तेव्हा चादर, उशी, माझं लुगडं, सगळीकडे राख. मी काही बोलले नाही. मग एकेक कुंडी पुन्हा वर. पंधरावा दिवस आला, डॉक्टरांनी वजन केलं आणि नळीचं नाव काढलं नाही.

पुढे थंडी आली, आणि धुकं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आठ-आठ दिवस सूर्य म्हणून दिसला नाही. वेळेवर पेरलेलं असतं तर वेल तोवर कंबरेइतके झाले असते. आमचे चार बोटांवर थबकले. मी सकाळी वर जायची, जाळीतून पांढऱ्या आभाळाकडे बघून सूर्याला शिव्या द्यायची आणि रात्री जुन्या साड्यांनी वेल झाकायची. दुपारी एक कुंडी खाली आणून यांना दाखवायची. हे पानं उलटून खालून बघायचे, आळीबिळी आहे का. यांना खोकला लागला होता, तो जाईना. वहीतलं पौषाचं पान मी मुद्दाम उघडलं नाही. दरवर्षी मटार कधी येतो ते मला बघायचंच नव्हतं.

संक्रांतीनंतर पांढरी फुलं आली, मग शेंगा. चपट्या, हिरव्या कागदासारख्या. यांच्या छातीत कफ भरला होता, डॉक्टर दोनदा येऊन गेले, पुन्हा भात सुटला, चहासुद्धा चमच्याने. मी कुंडी आणली आणि म्हटलं, "अहो, एक तोडते. कोवळी आहे. सालीसकट चावून बघा, नाहीतर वाटून देते." खरं तर मी भीक मागत होते. यांनी अंगठ्याने शेंग दाबून पाहिली. आत नुसत्या टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी. मी शेंगेला हात घातला तर यांनी माझं मनगट धरलं. नाही. मी म्हटलं, "एकच." नाही. ज्या हाताला चमचा पेलत नव्हता, त्या हाताने मला सोडलं नाही. शेवटी मी कुंडी उचलली आणि रागारागाने जिना चढले. वर जाऊन ओक्साबोक्शी रडले. माकडं बघत होती.

त्याच्या तिसऱ्या दिवशी, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सकाळी हे गेले. गंगाजल मीच घातलं. मणिकर्णिका पाच मिनिटांवर. इतकी वर्षं ऐकलेला तो गजर त्या दिवशी आमच्या दारातून उठला.

तेरावा झाला, मुलगा आणखी एक दिवस राहून परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छतावर गेले. डॉग फ्लावर फुलला होता, कॅलेंडुला फुलला होता, ऊन लख्ख पडलं होतं. आता पडलं मेलं! शेंगा टच्च भरलेल्या. मी ओंजळभर तोडल्या आणि यांच्या स्टुलावर बसून सोलल्या. वही सोबत नेली होती. नोंद करायला हवी, यांनी केली असती.

मग पौषाचं पान उघडलं. यांनी 'पूस' लिहिलं होतं, सरळ हिंदीत. मागच्या वर्षीचं: "पूस सुदी नवमी. पहिले मटार. हिला दिले." त्याच्या आधीच्या वर्षी: "पूस सुदी पंचमी. पहिले मटार. हिला दिले." मी मागे मागे उलटत गेले. तिथ्या बदलत होत्या. उशिरात उशिरा एकादशी. शेवटचे दोन शब्द कुठल्याच वर्षी बदलले नव्हते.

उशिरात उशिरा एकादशी. हे गेले माघ शुद्ध षष्ठीला. मधे पंचवीस दिवस. त्या दिवशी माझंच खरं करायचं सोडून मी यांचं ऐकलं असतं, तर पंचवीस दिवस आधी मटार आले असते आणि हे होते. श्वास चालू होता, डावा हात चालू होता. आणि मी समजत होते यांना खायचे आहेत. मी वाटून वाटून यांच्या तोंडात कोंबत होते. कर्म माझं! या माणसाला माझ्यासाठी पेरायचे होते.

मी पेन्सिल घेतली. आपल्याकडची ती माघ वद्य पंचमी. तशी लिहिली नाही, यांची लिहिली. "फागुन बदी पंचमी. पहिले मटार." पुढचे दोन शब्द लिहायला हात उचलेना. कुणी दिले? ओंजळीतले दाणे गार होते. एकेक करून मी सगळे तोंडात टाकले, तिथेच, चिखलाच्या चपला पायात असताना. मग लिहिलं, "हिने खाल्ले."